संशोधन-सचोटीचं सत्र: समोरच्यांना बोलतं करण्याचा सराव कसा करायचा?

ऋतुगंध (धागाकर्ती)

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स शिकवणारे, कॉलेजात-विद्यापीठात संशोधन-सचोटीवर कार्यशाळा घेणारे आणि अशा कार्यशाळांना जाऊन बसलेले, या सगळ्यांशी बोलायला हा धागा काढते आहे. काय शिकवायचं यावर पीपीटी आणि नियमावल्या भरपूर आहेत. सत्र चालवण्याचं कसब कसं कमवायचं, त्याचा सराव कुठे आणि कुणासोबत करायचा, यावर मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

यूजीसीने २०१९च्या अखेरीस हा कोर्स पीएच.डी.साठी सक्तीचा केला. २ क्रेडिट, ३० तास, ६ घटक. पाचव्या घटकात २ तास थेट गटचर्चेसाठी ठेवले आहेत: आपापल्या विषयातले नैतिक पेच, बनावट डेटा, लेखकपद, हितसंबंध, तक्रारी. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी या २ तासांचंही व्याख्यानच होतं. फॅब्रिकेशन (डेटा बनवणं), फॉल्सिफिकेशन (डेटा फिरवणं), प्लॅजरिझम (वाङ्मयचौर्य) यांच्या व्याख्या वाचून होतात. मग यूजीसीच्या वाङ्मयचौर्यावरच्या २०१८च्या नियमावलीतल्या पातळ्या येतात: दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून द्या, ६० पर्यंत असेल तर वर्षभर थांबा, त्यापुढे नोंदणी रद्द. शेवटी 'काही शंका?' आणि कोणीच काही विचारत नाही.

समोर बसलेल्यांना चोरी वाईट असते हे माहीत असतं. त्यांचे पेच वेगळे असतात. गाइडच्या मित्राचं नाव पेपरवर टाकायला सांगितलंय, टाकायचं का? पाचपैकी एक रीडिंग काढलं की आलेख सरळ येतो, आणि 'सगळेच काढतात'. सिनॉप्सिसमध्ये ५० मुलाखती लिहिल्या, मिळाल्या ३०, आणि मुदत संपत आलीय. इथे व्याख्या पाठ असून भागत नाही. माणसाला चारचौघांत मोठ्याने विचार करता आला पाहिजे, आणि त्यासाठी जागा करून देणं हे प्रशिक्षकाचं काम आहे. उत्तम व्याख्यातेही इथे अडखळतात, कारण त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते लगेच द्यायची सवय असते. म्हणून सराव लागतो, आणि तो खऱ्या सत्राच्या आधी लागतो.

आम्ही वेगवेगळ्या विभागांतले काही जण शनिवारी दुपारी जमतो. एक जण २० मिनिटांचं सत्र घेतो, बाकीचे सहभागी होतात आणि एक जण काहीही न बोलता फक्त निरीक्षण करतो. त्याच्या कागदावर मोजकंच असतं. प्रश्न विचारल्यावर प्रशिक्षक किती थांबला? प्रश्न खरा होता की त्यात उत्तर दडलं होतं? ('हे चुकीचंच आहे ना?' हा प्रश्न नव्हे.) कोणाचा आवाज एकदाही आला नाही? प्रशिक्षकाने 'व्हेरी गुड' आणि 'नाही, नाही' कधी कधी म्हटलं?

दोन गोष्टी सगळ्यांनाच जड जातात. पहिली, थांबणं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि पुन्हा बोलू लागतात. तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. 'तुमच्या लॅबमध्ये लेखकांचा क्रम कोण ठरवतं?' या प्रश्नाला तर ३ सेकंदही कमीच. दुसरी, शाबासकी न देणं. एखादी म्हणाली 'मी लगेच तक्रार करीन' आणि तुम्ही खुशीने मान डोलावलीत, की तक्रार करायची हिंमत नसलेली मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही. आणि आपल्याला ऐकायचं असतं ते तिचंच.

माझे प्रश्न असे. गाइड आणि विद्यार्थी एकाच खोलीत असतील तर काय करता? कोणी खरीच घडलेली गोष्ट सांगून टाकली तर? आणि हे कसब तुम्ही कुठे शिकलात?

ग्रंथालयातून

आमच्याकडे हे सत्र ग्रंथालयाकडे येतं, कारण ड्रिलबिट या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आम्ही काढून देतो. त्यामुळे येणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, टक्के कमी कसे करायचे. मी सुरुवातीलाच एक कागद वाटते. पहिल्या प्रबंधाचा रिपोर्ट ८ टक्के, नियमाप्रमाणे शिक्षा नाही. पण त्या ८ टक्क्यांत एक अख्खा परिच्छेद दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ न देता उचललेला. दुसऱ्याचा रिपोर्ट १६ टक्के, त्यात बहुतेक सगळं कार्यपद्धतीचं ठरावीक वर्णन. 'यातला कोणता प्रबंध तुम्ही स्वतःच्या नावाने द्याल?' एवढं विचारून मी खुर्चीत बसते. मी उभी असले की सगळे माझ्याकडे बघून बोलतात, बसले की एकमेकांकडे बघून. हे मला एका सहकारी ग्रंथपालाने मागे बसून माझं सत्र पाहिल्यावर सुचवलं. म्हणून तुमच्या त्या गप्प निरीक्षकाला माझा पूर्ण पाठिंबा.

सांगलीकर_सर

विषय महत्त्वाचा आहे, पण माझं मत वेगळं आहे. सचोटी ही चर्चा करून ठरवायची बाब नाही. 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारत बसलो तर मुलांना वाटेल की इथे दोन बाजू आहेत.

मी भूशास्त्राचा माणूस. पंजाब विद्यापीठाच्या व्ही. जे. गुप्तांचं प्रकरण माझ्या पिढीला फार लागलं. हिमालयात सापडले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क अशा भलत्याच ठिकाणचे आहेत, असं ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी १९८९मध्ये 'नेचर'मधून मांडलं. त्या लेखांवर विसंबून केलेलं बाकीच्यांचं कामही संशयात गेलं. यात गटचर्चा कसली करायची? प्रशिक्षकाने उभं राहून सांगावं, हे चूक आहे आणि याला शिक्षा ही आहे. मुलांना स्पष्टपणा हवा असतो.

उट्रेख्तकर

सर, तुमचंच उदाहरण घेतो. गुप्तांनी केलं ते चूक की बरोबर, यावर ५ मिनिटंही घालवायला नकोत, हे मान्य. पण त्या लेखांवर अनेक सहलेखक होते, त्यात परदेशी तज्ज्ञही होते. जीवाश्म त्यांच्या हाती यायचा, ते ओळख पटवून द्यायचे, आणि तो कुठे सापडला हे गुप्तांच्या शब्दावर मानलं जायचं. 'तुम्ही तो सहलेखक असता तर कोणता प्रश्न विचारला असता, आणि कोणत्या कारणाने तो गिळून टाकला असता?' यावर तासभर बोलता येतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला लागू होतं. नेदरलँड्समध्ये डीडेरिक स्टापेल या समाजमानसशास्त्रज्ञाचं बनावट डेटाचं प्रकरण २०११ साली बाहेर आलं, ते त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी संशय बोलून दाखवला म्हणून. इथे सत्रात स्टापेलपेक्षा त्या तरुणांच्या जागी उभं राहायला लावतात.

आता 'कुठे शिकलात' याविषयी. इथे व्हर्च्यू नावाचा प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणारा प्रकल्प झाला, युरोपियन युनियनच्या होरायझन २०२० या संशोधन-निधी कार्यक्रमाच्या पैशातून, २०१८पासून. सूत्रं अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठ-रुग्णालयाकडे होती. त्याचं साहित्य एम्बसी ऑफ गुड सायन्स या संकेतस्थळावर मोफत आहे, भारतातूनही वापरता येतं. मी त्या पद्धतीने शिकलो. आधी घरबसल्या ऑनलाइन भाग, मग प्रत्यक्ष एकत्र जमून सगळे व्यायाम स्वतः सहभागी म्हणून करायचे. त्यानंतर आपापल्या संस्थेत जाऊन तेच व्यायाम आपल्या लोकांसोबत घ्यायचे, काय घडलं ते लिहून काढायचं, आणि ते घेऊन पुन्हा सगळ्यांनी जमायचं. खरं शिक्षण झालं ते या मधल्या टप्प्यात. स्वतःच्या लॅबमधल्या माणसांसमोर तटस्थ राहणं अनोळखी लोकांपेक्षा खूप अवघड जातं, कारण कोण काय बोलणार हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं.

दोन व्यायाम आपल्याकडे लगेच करता येतील. पहिल्यात एका विधानावर दोन गट पाडायचे आणि आधी वादविवाद करायचा, जिंकायच्या इराद्याने. मग तोच विषय संवाद म्हणून पुन्हा घ्यायचा: समोरच्याला फक्त प्रश्न विचारायचे, आपला निर्णय लांबवायचा. शेवटी विचारायचं, पहिल्या वेळी शरीरात काय होत होतं, आवाज कसा होता, आपण समोरच्याचं किती ऐकलं? आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धांतून आलेल्या मुलांना पहिला भाग झकास जमतो. दुसऱ्या भागात त्यांना किती कष्ट पडतात हे त्यांना स्वतःलाच दिसतं.

दुसऱ्या व्यायामात सहभागी स्वतः अनुभवलेला पेच सांगतो. 'लोक असं करतात' चालत नाही, 'मी' म्हणून सांगायचं, आणि निर्णय घ्यावा लागला तो नेमका क्षण पकडायचा. बाकीचे आधी फक्त माहितीचे प्रश्न विचारतात: त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं? खोलीत कोण होतं? मग प्रत्येक जण स्वतःला त्या जागी ठेवून सांगतो, की मला तिथे कोणता गुण महत्त्वाचा वाटला, प्रामाणिकपणा, धैर्य की निष्ठा, आणि त्या गुणाला धरून मी नेमकं काय केलं असतं. प्रशिक्षकाने इथे 'का केलंत?' विचारायचं नाही. 'का' आला की माणूस सफाई द्यायला लागतो. 'तेव्हा तुमच्यासमोर काय काय होतं?' असं विचारलं की तो आठवायला लागतो.

सूक्ष्मपाठ

मी बी.एड. कॉलेजात शिकवते. ऋतुगंध, तुमची शनिवारची बैठक म्हणजे आमचं सूक्ष्म अध्यापनच आहे, पण त्यातला एक महत्त्वाचा भाग तुमच्याकडे दिसत नाही. भारतात रूढ असलेल्या चक्रात पाठ ६ मिनिटं, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६ असतं. सगळं मिळून ३६ मिनिटं. तुम्ही २० मिनिटांचं सत्र घेता, शेरे ऐकता आणि घरी जाता. शेरा ऐकल्यावर लगेच, त्याच दुपारी, तोच तुकडा पुन्हा घेऊन पाहायला हवा. आमच्या विद्यार्थी-शिक्षकांमध्ये जो बदल दिसतो तो या दुसऱ्या पाठात दिसतो.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच कौशल्य घ्या. एका शनिवारी फक्त थांबणं. पुढच्या वेळी फक्त आलेल्या उत्तराला खोलात नेणारा प्रश्न: 'असं म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता प्रसंग आहे?' नंतर कधी फक्त समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडून 'मी बरोबर ऐकलं का?' असं विचारणं. विषयज्ञान, वेळ, स्लाइड, प्रश्न, गप्प बसलेला माणूस हे सगळं एकदम सांभाळायला गेलं की सराव होत नाही, नुसतं सत्र पार पडतं. ६ मिनिटांत सचोटीचा काय विषय होणार, असं वाटेल. पण एक प्रश्न विचारून त्यावर तिघांना बोलतं करायला ६ मिनिटं पुरतात.

पीएचडी_तिसरं_वर्ष

मी समोर बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. आमच्या सत्राला विभागप्रमुख मागच्या बाकावर बसले होते. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण लेखकपदाचा विषय निघाल्यावर एकही मान वर झाली नाही. ज्यांच्या सहीवर आमचा सहामाही प्रगती अहवाल पुढे जातो, त्यांच्यासमोर कोण बोलणार? प्रशिक्षकांना हे जाणवलं नाही, ते 'बोला, बोला, मोकळेपणाने बोला' म्हणत राहिले.

दुसऱ्या एका कार्यशाळेत मात्र मी खूप बोलले. तिथे बाईंनी दोन गोष्टी केल्या. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता एक पेच लिहायचा, चिठ्ठ्या मिसळायच्या, आणि वाट्याला आलेली दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची. मग उलट भूमिका: विद्यार्थ्यांनी गाइड व्हायचं. मी ८ विद्यार्थी आणि एक रखडलेला प्रोजेक्ट असलेली गाइड झाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की निधीचा वापर-दाखला वेळेत गेला नाही तर तिच्यावर काय दडपण येतं. माझ्या गाइडने केलेल्या चुकीच्या गोष्टी त्याने बरोबर ठरल्या नाहीत, पण त्यांच्याशी बोलायची वाट दिसली.

आणि कृपया मराठीत बोलू द्या. इंग्रजीत विचारलं की आमच्यातले अर्धे फक्त हसून मान हलवतात. संज्ञा इंग्रजीत राहू देत, पण 'मला भीती वाटते' हे इंग्रजीत सांगता येत नाही.

ऋतुगंध

सूक्ष्मपाठ, पुन्हा पाठ घेण्याची सूचना या शनिवारपासूनच अमलात आणतो. तिसरं वर्ष, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

आम्ही सरावाला वापरतो तो एक प्रसंग इथे ठेवते. कोणालाही हवा असेल तर घ्या.

'तुमचा पहिला पेपर तयार आहे. काम तुमचं, लेखनही तुमचं, गाइडनी दोनदा बारकाईने तपासून दिलं. पाठवायच्या आदल्या दिवशी गाइड म्हणतात, अमुक सरांचंही नाव घाल, त्यांच्या पदोन्नतीच्या फाइलला एक पेपर कमी पडतोय आणि पुढच्या महिन्यात तुझ्या आरआरसीवर (संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीवर) तेच आहेत. त्या सरांनी हा पेपर वाचलेलाही नाही.'

व्याख्यान घेणारा इथे लगेच वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ४ अटी लावतो: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात, सरांची एकही होत नाही, विषय संपला. सत्रही तिथेच संपतं, कारण मुलीला हे आधीच माहीत होतं. तिला माहीत नाही ते हे की उद्या सकाळी गाइडच्या केबिनमध्ये जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं.

म्हणून आम्ही प्रश्न या क्रमाने विचारतो. हे वाचून पोटात काय झालं? यात कोणाकोणाचं काय पणाला लागलं आहे? (त्या सरांचंही विचारायचं.) नाव घातलं तर वर्षभराने कोण काय बोलेल? नाही घातलं तर? नाव घालणं आणि नकार देणं, यांच्यामध्ये काही आहे का? इथे कोणी म्हणतं आभारात उल्लेख करू, कोणी म्हणतं पेपर पाठवायला आठवडा थांबू आणि सरांना मसुदा वाचायला देऊन खरंच काही सुचवायला सांगू. या दुसऱ्या सूचनेवर नेहमी जोरदार मतभेद होतात आणि ते व्हावेत. त्यानंतरच त्या ४ अटींचा कागद आणि योगदानाच्या १४ भूमिकांची 'क्रेडिट' (CRediT) नावाची यादी हातात द्यायची. मग तो कागद शिक्षा म्हणून वाचला जात नाही, केबिनमध्ये सोबत न्यायची वस्तू म्हणून वाचला जातो. शेवटची १० मिनिटं दोघा-दोघांनी ते पहिलं वाक्य प्रत्यक्ष बोलून पाहायचं.

उट्रेख्तकर

अधिकाराची उतरंड खोलीतच असेल तर रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाचा डिलेमा गेम पाहा. मोफत अ‍ॅप आहे. प्रत्येक प्रसंगाला ४ पर्याय. प्रत्येकाने मनाशी ठरवायचं, सगळ्यांनी एकाच वेळी दाखवायचं, मग बोलायचं, आणि बोलून झाल्यावर मत बदलायची मुभा. एकाच वेळी दाखवणं हे यातलं सगळ्यात मोलाचं. प्राध्यापकांनी आधी मत दिलं की बाकीचे त्यांच्यामागे जातात, इथे ते होत नाही. अ, ब, क, ड लिहिलेली कागदी कार्डं केली तरी काम भागतं. तरीही गाइडसाठी एक स्वतंत्र सत्र हवंच. त्यांचेही पेच असतात, आणि विद्यार्थ्यांसमोर ते कधी बोलत नाहीत.

समुपदेशक_नागपूर

ऋतुगंध, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही, आणि मला तोच सगळ्यात गंभीर वाटतो. सत्र जितकं चांगलं चालेल तितकी कोणीतरी खरी गोष्ट सांगण्याची शक्यता वाढते. जागा मोकळी करायची आणि मग ती सांभाळता आली नाही, तर सांगणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून याचा सराव आधी करा, बाकीचं नंतर.

सुरुवातीच्या ५ मिनिटांतच मर्यादा स्पष्ट सांगायच्या. व्यक्ती, विभाग, संस्था यांची नावं घ्यायची नाहीत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, अशी सगळ्यांना विनंती आहे. पण हमी देता येत नाही, कारण खोलीत इतकी माणसं आहेत. हे तक्रार घेण्याचं ठिकाण नाही आणि प्रशिक्षकाला चौकशीचा अधिकार नाही. आणि कोणा रुग्णाला किंवा अभ्यासातल्या सहभागी माणसाला इजा होते आहे असं कळलं, तर प्रशिक्षक गप्प राहू शकत नाही. हे आधीच सांगितलं नाही तर 'तुम्ही म्हणाला होतात की कोणाला कळणार नाही' हे वाक्य ऐकावं लागतं, आणि ते रास्त असतं. 'कोणालाही कळणार नाही' असं वचन कधीच देऊ नका.

एखादी व्यक्ती भर सत्रात नाव घेऊन बोलू लागली तर थांबवायचं, पण तिला झिडकारल्यासारखं वाटता कामा नये. मी शिकवते ते साधारण असं: 'तुम्ही सांगताय ते महत्त्वाचं आहे, म्हणूनच ते इथे सगळ्यांसमोर नको. सत्र झाल्यावर मी थांबते, आपण बोलू.' मग खरंच थांबायचं. गाडी गाठायची घाई असेल तर आयोजकांपैकी कोण थांबणार हे आधी ठरवून ठेवायचं.

नंतर बोलताना सल्ला देण्याआधी एक प्रश्न: 'तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?' काहींना फक्त कोणीतरी ऐकायला हवं असतं. काहींना गाइड बदलायचा असतो. काहींना तक्रार करायची असते, पण प्रबंध जमा झाल्यावर. त्यांचं सगळं भवितव्य एका माणसाच्या हातात असतं, याचं भान ठेवा आणि त्यांच्या वतीने शूर होऊ नका. मात्र दारं कुठे आहेत ती माहिती तुमच्याकडे तयार हवी. वाङ्मयचौर्यासाठी २०१८च्या नियमावलीने विभागाची आणि संस्थेची अशी दोन पातळ्यांवरची पॅनेल सांगितली आहेत. माणसांवरच्या संशोधनासाठी संस्थेची नैतिकता समिती. लैंगिक छळ असेल तर २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. त्या-त्या संस्थेत या ठिकाणी सध्या कोण आहे, हे सत्राच्या आधी विचारून कागदावर लिहून न्या.

सराव असा करा. तुमच्या शनिवारच्या गटातल्या एकाला आधी गुपचूप सांगून ठेवायचं, की सत्राच्या मध्येच तू खरी वाटेल अशी घटना नावानिशी सांगायला लाग. प्रशिक्षकाला ते माहीत नसावं. निरीक्षकाने त्या वेळी फक्त प्रशिक्षकाचा चेहरा पाहायचा. धक्का, कुतूहल, संताप, हे सगळं चेहऱ्यावर उमटतं आणि सांगणारा तेच वाचत असतो. सराव संपल्यावर ती घटना बनवलेली होती हे सगळ्यांना लगेच सांगा.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्या सभागृहात बाकं जमिनीला ठोकलेली आहेत, गोल बसता येत नाही. एकाआड एक रांगेतल्यांना मागे वळून बसायला सांगतो, चौघा-चौघांचे गट होतात. ऑनलाइन सत्रात कॅमेरे बंद असतात, तिथे निनावी मतदान आधी आणि छोट्या गटांत चर्चा नंतर. मोठ्या गटात परत आल्यावर 'तुमच्या गटात कशावर एकमत झालं नाही?' एवढंच विचारतो. यात कोणाला स्वतःचं मत उघड करावं लागत नाही.

सांगलीकर_सर

सगळं नीट वाचलं. सहलेखकांचा मुद्दा मला पटला. गुप्ता प्रकरण मी आता त्या बाजूने मांडून पाहीन. समुपदेशक बाईंनी लिहिलेलं तर प्रत्येक आयोजकाला पाठवावं असं आहे.

तरी माझा एक आग्रह कायम आहे. सत्र संपून मुलं बाहेर पडताना नियम काय आहे हे निःसंदिग्ध कळलेलं असलं पाहिजे. बनावट डेटा हा पेच नाही. ते चर्चेला ठेवायचंच नाही, आणि कोणी त्याचं समर्थन करू लागलं तर प्रशिक्षकाने तटस्थ राहू नये.

ऋतुगंध

सर, पूर्ण सहमत. म्हणून प्रसंग निवडणं हेही याच कसबातलं आहे: जिथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तो प्रसंग चर्चेला, जिथे एक बाजू उघड चुकीची आहे तो सांगायला. नियम आधी सांगावा की नंतर, यावर ग्रंथालयातून आणि माझं जमणार नाही बहुधा. त्या आधी टक्क्यांचा नियम गृहीत धरून पेच उभा करतात, मी नियम शेवटी देते.

पीएचडी_तिसरं_वर्ष

एक प्रसंग मीही आणू का? लिखाणाला चॅटजीपीटी वापरलं आणि कुठे सांगितलं नाही, असा. आमच्यात रोज यावर बोलणं होतं, पण सत्रात कोणी हा विषय काढत नाही.

उट्रेख्तकर

जरूर आणा. संशोधन-सचोटीच्या युरोपियन आचारसंहितेच्या २०२३च्या आवृत्तीत एआयचा वापर लपवणं हे अस्वीकार्य वर्तनात घातलं आहे. पण किती वापर सांगायचा, भाषा सुधारून घेतली तरी सांगायचं का, यावर प्रशिक्षकांचंही एकमत नाही. सरावाला हा फार चांगला विषय आहे, कारण प्रशिक्षकाच्या खिशात तयार उत्तर नसतं आणि त्याला खरोखर ऐकावं लागतं.

ऋतुगंध

मग पुढच्या शनिवारी दुपारी ४ वाजता ऑनलाइन बसू. प्रसंग तिसरं वर्ष यांचा. सूक्ष्मपाठ सांगतात त्या चक्राने, ६ मिनिटांचे पाठ आणि लगेच पुन्हा पाठ, कौशल्य एकच: थांबणं. सांगलीकर सर, तुम्ही सहभागी म्हणून या आणि आत्ता घेतलात तसाच आक्षेप सत्रातही घ्या. ठाम मतभेद समोर आल्यावर गडबडून न जाण्याचा सराव आम्हा सगळ्यांनाच हवा आहे. समुपदेशक, निरीक्षकाचं काम तुम्ही कराल का? निरीक्षणाचा कागद मी उद्या इथेच टाकते. रकाने वाढवायचे असतील तर लिहा.

समुपदेशक_नागपूर

येते. दोन रकाने वाढवा. एक, प्रशिक्षकाने स्वतःचं मत कधी दिलं, आणि ते कोणी मागितलं होतं का. दोन, कोणी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटलं, ते प्रशिक्षकाच्या लक्षात आलं का.

सांगलीकर_सर

४ वाजता हजर आहे. आक्षेप तयार आहे.